रुमालाखालचा भाव

कविता हे माझं वेड आणि दिवाणजीगिरी हा माझा पोटाचा धंदा. बी.ए. झालो तेव्हा वाटलं होतं, कुठंतरी मास्तर होईन. ते जमलं नाही. सोलापूरच्या बाजारात कांद्याच्या एका अडत दुकानात हिशेब लिहायला बसलो, तो तीस वर्षं तिथंच आहे. मराठीतून कविता लिहिणारा मुसलमान म्हणून लोक कौतुकानं बघतात. पण माझ्या हातून आजवर जी अक्षरं उमटली, त्यातली नव्वद टक्के कवितेची नाहीत, पट्टीची आहेत.

श्रोतेहो, पट्टी म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगतो. शेतकऱ्याचा माल विकला की त्याच्या हातात एक कागद पडतो. त्यावर पिशव्या किती, वजन किती, भाव काय, हे लिहिलेलं असतं. मग खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं, घेतलेली उचल असा एकेक खर्च वेगळा मांडून शेवटी निव्वळ रक्कम. पट्टी बघून शेतकरी हसेल किंवा कपाळावर हात मारेल, पण पैसा कुठं गेला हे त्याला कळतं.

पूर्वी काही बाजारांत दुसरीच रीत होती. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. मालाचा मालक शेजारी उभा, पण भाव त्याला कळायचा नाही. या हत्ता पद्धतीवर कायद्यानं बंदी आणली आणि उघड लिलाव सक्तीचा केला. तरी अधूनमधून रुमाल कुठंतरी बाहेर येतोच. आमचे जुने दिवाणजी म्हणायचे, "भाव पडला म्हणून शेतकरी रडतो ते एकवेळ सोसवतं. भाव कळलाच नाही म्हणून रडतो ते बघवत नाही."

आज मला बोलायचं आहे ते कांद्याबद्दल नाही, उपचाराबद्दल. त्यातही मनाच्या उपचाराबद्दल, ज्याला आपण समुपदेशन किंवा थेरपी म्हणतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पट्ट्या लिहिणारा मी, स्वतःच्या उपचाराचा भाव विचारू शकलो नाही. त्याची किंमत मी कशी मोजली, ते आधी सांगतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझी पत्नी गेली. ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. त्या दिवसांची एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. राज्य सरकारनं मे २०२० मध्येच खासगी रुग्णालयांतल्या करोनाच्या उपचाराचे दर बांधून दिले होते. साध्या खाटेला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. काही महागड्या तपासण्या आणि औषधं त्याच्या बाहेर होती. रुग्णालयाच्या भिंतीवर तो तक्ता लावलेला होता आणि मी तो सवयीनं वहीत उतरवून घेतला होता. पत्नी वाचली नाही. पण दवाखान्यातला दर भिंतीवर लावता येतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पुढची दोन वर्षं मी बरा आहे असं सगळ्यांना सांगत राहिलो. झोप गेली होती. कविता तर सोडाच, पट्टीची बेरीज चुकायला लागली. एकदा एका शेतकऱ्याला अकराशे रुपये कमी लिहिले गेले. तो बिचारा परत आला आणि म्हणाला, "दिवाणजी, तुमची बेरीज चुकत नाही म्हणून मी मोजली नव्हती." शेठ काही बोलले नाहीत, पण मी त्या रात्री मुलीला पुण्याला फोन केला. तिनं चौकशी करून सोलापुरातल्याच एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला.

पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं मी बोललो. दोन वर्षांत इतकं बोललो नव्हतो. बाहेर आलो तर टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, आठशे." दिले. दुसऱ्या वेळी एक लांबलचक प्रश्नावली भरायला दिली. ती चाचणी होती. तिचे वेगळे पंधराशे. तेही दिले. तिसरी बैठक झाली, चौथी झाली. चार बैठकांचे बत्तीसशे आणि चाचणीचे पंधराशे, म्हणजे चार हजार सातशे रुपये झाले. माझा पगार सोळा हजार. आणि अजून किती वेळा यायचं आहे, हे कुणी सांगितलेलं नव्हतं, मी विचारलेलं नव्हतं.

पाचव्या वेळेला मी गेलोच नाही. फोन आला, उचलला नाही. मुलीला सांगितलं, "आता बरं वाटतंय." ते खोटं होतं.

त्या बाईंनी मला फसवलं, असं मी म्हणणार नाही. फी जास्त होती असंही नाही. माझा प्रश्न वेगळा होता. आठशे रुपये मला दिसत होते, पण ते किती वेळा द्यायचे हे दिसत नव्हतं. दात काढायला गेलं तर एका दाताचे इतके असं कळतं. इथं सुरुवात असते आणि शेवट दिसत नाही. ज्याच्या खिशाला तळ आहे, तो माणूस अशा वाटेवर फार लांब चालत नाही. तो मध्येच उतरतो आणि उतरल्याचं कुणाला सांगत नाही.

मग विचारलं का नाही? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. एक तर लाज. समोरचं माणूस आपलं दुःख ऐकतंय आणि आपण त्याला "किती पडतील?" विचारायचं, हे आपल्या दुःखाचाच भाव केल्यासारखं वाटलं. दुसरं म्हणजे आपल्याकडे वैद्याला दर विचारणं हा अविश्वास समजला जातो. आणि तिसरं कारण, जे कबूल करायला मला वेळ लागला, ते म्हणजे उत्तराची भीती. आकडा मोठा निघाला तर "मला परवडत नाही" असं म्हणावं लागेल. न विचारता गुपचूप नाहीसं होणं सोपं.

पण पैशाचं आधी बोलल्यानं नातं हलकं होतं, हे खरं आहे का? आमच्याकडे निकाहाच्या वेळी मेहेर किती हे आधी ठरतं आणि चार लोकांसमोर मोठ्यानं सांगितलं जातं. त्यामुळे लग्नातलं प्रेम कमी झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. जे देणं आहे ते उघड सांगितलं की पुढच्या गोष्टी मोकळेपणानं बोलता येतात.

हे शहाणपण मला आपोआप आलं नाही. ते आणलं माझ्या भाच्यानं. तो न्यू जर्सीत असतो, संगणकाच्या कामात. २०२३ मध्ये त्याची नोकरी गेली. अमेरिकेत नोकरदारांचा आरोग्य विमा बहुधा नोकरीतूनच मिळतो. नोकरी सुटल्यावर पूर्ण हप्ता स्वतः भरून तो काही काळ चालू ठेवता येतो, पण तो हप्ता त्याला झेपणारा नव्हता. त्याच वेळी त्याला घाबरल्यासारखं व्हायचं, छाती धडधडायची. म्हणून तोही थेरपीला जायला लागला, खिशातून पैसे देऊन. एकदा फोनवर तो सहज म्हणाला, "मामू, पहिल्या भेटीच्या आधीच मला कागद आला. वर्षभरात अंदाजे किती बैठका, किती पैसे, सगळं त्यावर लिहिलेलं होतं." मी म्हणालो, "अरे, म्हणजे पट्टीच की! पण माल विकायच्या आधीच?"

त्या कागदाला तिकडे 'गुड फेथ एस्टिमेट' म्हणतात. आपण त्याला 'प्रामाणिक अंदाजपत्रक' म्हणू. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत 'नो सर्प्राइझेस ॲक्ट' हा कायदा झाला. अचानक येणाऱ्या बिलाचा धक्का बसू नये, हा त्याचा हेतू. तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यातला मोठा भाग विमा असलेल्यांसाठी आहे. पण ज्यांच्याकडे विमा नाही, किंवा असूनही जे तो न वापरता स्वतः पैसे भरणार आहेत, त्यांच्यासाठी हा अंदाजपत्रकाचा हक्क आहे. तो मोठ्या रुग्णालयांना लागू आहे, तसाच एका खोलीत बसणाऱ्या थेरपिस्टलाही.

त्याची रीत अशी. तुम्ही भेटीची वेळ किमान तीन कामकाजाचे दिवस आधी ठरवली असेल, तर एका कामकाजाच्या दिवसात अंदाजपत्रक तुमच्या हातात आलं पाहिजे. दहा किंवा अधिक दिवस आधी ठरवली असेल, तर तीन दिवसांत. आणि वेळ न ठरवता तुम्ही नुसती चौकशी केलीत, तरीही तीन कामकाजाच्या दिवसांत ते द्यावं लागतं. म्हणजे आधी भाव बघा, मग जायचं की नाही ते ठरवा. त्या कागदावर कोणती सेवा, किती वेळा, प्रत्येकीचा दर काय आणि एकूण किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. थेरपीसारखा पुन्हापुन्हा घ्यावा लागणारा उपचार असेल, तर एकच अंदाजपत्रक जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी चालतं. त्यापुढे नवं द्यावं लागतं.

भाच्याच्या कागदावर दर बैठकीला १५० डॉलर, २४ बैठका, एकूण ३,६०० डॉलर असं होतं. आता समजा, बिल जास्त आलं तर? कायदा म्हणतो, एखाद्या उपचारकाचं बिल त्याच्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झालं, तर रुग्ण दाद मागू शकतो. म्हणजे माझ्या भाच्याचं बिल ४,००० डॉलरवर गेलं असतं, तर त्याला तक्रारीचा अधिकार होता. बिल आल्यापासून १२० दिवसांत तक्रार करायची, तिची फी २५ डॉलर. मग एक तटस्थ संस्था दोन्ही बाजूंचे कागद बघून किती पैसे द्यायचे ते ठरवते. ते चालू असताना वसुलीवाले मागे लावता येत नाहीत.

या कायद्याला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. अंदाजपत्रक म्हणजे करार नाही. त्यानं दर कमी होत नाही. महाग उपचार महागच राहतो, फक्त तो महाग आहे हे आधी कळतं. पण माझ्या भाच्यानं त्या कळण्याचा काय उपयोग केला बघा. कागद बघून त्यानं थेरपिस्टला स्पष्ट सांगितलं, "इतके पैसे माझ्याकडे नाहीत." मग दोघांनी बसून दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी बैठक ठरवली. त्याचा उपचार कमी वेगानं झाला, पण पुरा झाला. माझा चार बैठकांत तुटला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. मनाच्या दुखण्याचा अंदाज आधी कसा सांगणार? एखाद्याला सहा बैठकांत मोकळं वाटेल, एखाद्याला साठ लागतील. पहिल्या भेटीत तर माणूस पुरता बोलतही नाही. खरं आहे. पण आपल्याकडे उभ्या पिकाचीसुद्धा पैसेवारी काढतात, जिला जुने लोक आणेवारी म्हणतात. आधी नजरअंदाज जाहीर होतो, मग सुधारित, मग अंतिम. पाऊस पुढे कसा पडेल हे माहीत नाही, म्हणून नजरअंदाज काढायचाच नाही, असं कुणी म्हणत नाही. समुपदेशकालाही असं म्हणता येईल : "आत्ता मला आठ-दहा बैठका लागतील असं वाटतं. चार झाल्या की आपण पुन्हा बघू." हे एवढं एक वाक्य माझ्यासारख्याला पुरलं असतं.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. आपल्याकडे काहीच नाही असं मी समजत होतो. ते चूक होतं. आहे, पण विखुरलेलं आहे आणि ते मागावं लागतं.

पहिली गोष्ट डॉक्टरांची. भारतीय वैद्यक परिषदेची व्यावसायिक आचारसंहिता २००२ सालची आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे की डॉक्टरनं आपली फी सेवा देण्याआधी सांगावी. शस्त्रक्रिया किंवा उपचार सुरू झाल्यावर नव्हे. फी आणि इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर लावावेत, हेही त्यात आहे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, त्यामुळे त्याला हे लागू आहे.

दुसरी गोष्ट रुग्णालयांची. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. खाटा असलेल्या खासगी रुग्णालयानं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलं पाहिजे, असं ते नियम सांगतात. दरपत्रकात पंधरा बाबी आहेत. त्यात प्रवेश शुल्क आहे, खाटेचा रोजचा दर आहे, डॉक्टरांची भेट, भूल, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा, ऑक्सिजन, क्ष-किरण हे सगळं आहे. त्याआधी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तिच्यातही दरांची पारदर्शकता हा वेगळा हक्क म्हणून मांडलेला आहे.

पण समुपदेशकाच्या खोलीत खाट नसते, खुर्च्या असतात. आणि समुपदेशक बहुधा डॉक्टर नसतो. मग तिथं काय? तिथं ग्राहक म्हणून तुमचा हक्क कामाला येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचे हक्क सांगितले आहेत. वस्तू किंवा सेवेचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणं हा त्यातला एक. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं होतं. पावती मागणं हाही तुमचा हक्क आहे. ग्राहकांसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

तिसरी गोष्ट विम्याची. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला विमा कंपन्यांनी दिला पाहिजे, असं तो म्हणतो. हे फार मोठं पाऊल होतं. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतात. आठवड्याला एकदा जाऊन बोलून येण्याचा खर्च बाह्यरुग्णात मोडतो, आणि तो खर्च वेगळा समाविष्ट केलेला नसेल तर मिळत नाही. त्यामुळे विमा असलेला माणूससुद्धा थेरपीच्या दारात बिनविम्याचाच असतो. म्हणूनच इथं आधी दर कळण्याची गरज जास्त.

याच कायद्यात आणखी एक हक्क आहे. सरकार चालवत असलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून परवडेल अशा खर्चात मानसिक उपचार मिळण्याचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी सेवेत ते मोफत मिळाले पाहिजेत. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पण बोलण्यासाठी तेवढ्या लांब जायची गरज नाही, जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांतही मानसोपचाराची ओपीडी असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. आणि ज्याला आज रात्रीच कुणाशी तरी बोलायची गरज आहे, त्याच्यासाठी १४४१६ हा नंबर आहे. 'टेली मानस' नावाची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

मात्र एक भेद लक्षात ठेवा. अंदाजपत्रक मागायचं ते ठरवून घ्यायच्या उपचाराचं. जीव धोक्यात असेल तेव्हा आधी उपचार, मग हिशेब. अपघातग्रस्ताचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच बजावलं आहे.

तर आपल्याकडे हक्क आहे, पण तिकडच्यासारखा तो कागद बनून आपणहून दारात येत नाही. तिकडे न सांगणं ही उपचारकाची चूक ठरते. आपल्याकडे विचारण्याचं ओझं रुग्णावर पडतं, आणि तेही अशा वेळी, जेव्हा तो आधीच वाकलेला असतो. हे बदलायला हवं. समुपदेशनाच्या प्रत्येक खोलीत, पहिल्याच भेटीत, एक साधा कागद देण्याची रीत पडली पाहिजे. ती पडेपर्यंत विचारत राहणं आपल्या हातात आहे.

भाच्याचा फोन झाल्यावर मी एका कोऱ्या पट्टीच्या पाठीवर पाच प्रश्न लिहिले. तुमच्या उपयोगाचे आहेत म्हणून सांगतो. एका बैठकीची फी किती आणि ती किती मिनिटांची? अंदाजे किती बैठका लागतील आणि याचा फेरविचार केव्हा करायचा? चाचणी, रिपोर्ट, प्रमाणपत्र यांचे वेगळे पैसे आहेत का? ठरलेल्या वेळी येता आलं नाही तर पैसे भरावे लागतात का, आणि किती आधी कळवायचं? आणि मला इतकं परवडलं नाही, तर दुसरा मार्ग कोणता?

हा शेवटचा प्रश्न लिहायला मला बाकीच्या चारांपेक्षा जास्त वेळ लागला.

मग एका गुरुवारी, बाजार आटोपल्यावर, मी पुन्हा त्या बाईंकडे गेलो. सहा महिने झाले होते. बसलो आणि बोलण्याऐवजी तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो वाचला. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही यायचे बंद झालात तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी तुमच्या चारही बैठकांच्या नोंदी पुन्हा वाचल्या." मी काही बोलू शकलो नाही. पैशाच्या एका न विचारलेल्या प्रश्नानं दोन माणसं सहा महिने आपापल्या घरी स्वतःलाच दोष देत बसली होती.

त्यांनी त्याच पट्टीच्या पाठीवर उत्तरं लिहिली. बारा बैठका, प्रत्येकी आठशे, एकूण नऊ हजार सहाशे. पुन्हा चाचणी नाही. आदल्या दिवशी कळवलं तर न आल्याचे पैसे नाहीत. पाचव्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, 'पंधरा दिवसांनी एकदा. तेही जड वाटलं तर सिव्हिलच्या ओपीडीला चिठ्ठी देईन.' महिन्याला सोळाशे रुपये मला जमणार होते. मी हो म्हणालो.

बारा नव्हे, शेवटी चौदा बैठका लागल्या. दहाव्या बैठकीतच त्यांनी सांगितलं होतं, "अजून दोन लागतील, चालेल ना?" चाललं. झोप आता बऱ्यापैकी येते. बेरजा चुकत नाहीत. कविता अजून पूर्वीसारखी येत नाही, पण अधूनमधून एखादी ओळ येते. ती मी जवळ असलेल्या कागदावर, म्हणजे पट्टीच्या पाठीवरच उतरवून ठेवतो.